फासळीच्या पाठीवर

मुंगीने दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ केले, श्वास सोडला आणि पंखाच्या पोटाला असलेल्या त्या लांबट भोकातून स्वतःला वर ओढून घेतलं. आधी हात, मग डोकं, मग एक खांदा, मागून दुसरा. कमरेपाशी थोडं वळावं लागे. पाय आत आले की ती कुशीवर होई, कपाळावरचा दिवा लावी आणि पुढची फासळी किती लांब आहे ते बघे. गेलं वर्षभर दर गुरुवारी सकाळी ती हेच करत आली होती.

बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या, एरवी तेलाचा पंप सांभाळणाऱ्या पंपवाल्याने वहीत वेळ लिहिली. आत माणूस असताना भोकापाशी एक माणूस बसलेला असलाच पाहिजे आणि त्याने दर दहा मिनिटांनी हाक मारली पाहिजे, असा नियम होता. पंपवाला मोबाइलवरचे डोळे न काढता "हां?" म्हणे, आतून ती "हां" म्हणे. गुरुवारी तिचं कुणाशी जे काही बोलणं होई, ते बहुतेक एवढंच.

हा पंख कधीच उडणार नव्हता. सत्तर माणसं बसतील अशा विमानाचा तो डावा पंख. एका उंच शेडमध्ये त्याला लोखंडी सांगाड्याला जखडून ठेवलं होतं आणि तेलाच्या दाबावर चालणारे दांडे त्याला दिवसभर वाकवत होते. वर, खाली, वर, खाली. एका दिवसात तीनशे उड्डाणांचा मार. जन्मल्यापासून जमिनीवरून न हललेल्या त्या पंखाचं वय एका वर्षात तीस वर्षांनी वाढलं होतं. बुधवारी संध्याकाळी दांडे थांबायचे आणि गुरुवारी कुणीतरी आत शिरून कुठे केसाएवढी चीर तर पडली नाही ना, ते बघायचं. परीक्षण विभागात माणसं नऊ होती. पंखातल्या इंधनाच्या टाकीच्या पलीकडच्या कोरड्या, निमुळत्या भागापर्यंत सरपटत जाऊ शकेल असं त्यांत एकच होतं.

मुंगी हे नाव तिला कॉलेजच्या होस्टेलात पडलं, ते अंगकाठीवरून. एरोस्पेसच्या वर्गात साठ जण, त्यांत मुली सात. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, कुणाला काय व्हायचंय. चाळीस जणांना रॉकेटं सोडायची होती, पंधरा जणांना विमानं उडवायची होती आणि उरलेल्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. मुंगी रॉकेटवाल्यांत होती. पुढची चार वर्षं हवेचे प्रवाह, उष्णता, कंपनं, कक्षांची गणितं यांत गेली. वाऱ्याच्या बोगद्यात धुराच्या रेघा लाकडी पंखावरून वाहताना तिने तासन्‌तास बघितल्या. पण तिसऱ्या वर्षी रचनाशास्त्र शिकवायला एक बारीक आवाजाचे सर आले. ते म्हणायचे, विमान हवेत कसं राहतं हे सांगणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला. ते कुठून तुटेल हे सांगणारं माणूस विरळा. बाकीचे वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत असताना मुंगीने हे वाक्य मनावर घेतलं.

होस्टेलात एका खोलीत पाच जणी राहायच्या. नोकरीचं बघायची वेळ आली तेव्हा पाच दिशांना पाच जणी गेल्या. एक उपग्रह किती तापतात आणि किती गार पडतात याचा हिशेब मांडायला गेली. दुसरी एका विमान कंपनीत, जिच्या सहीशिवाय विमान सकाळी जागचं हलत नाही. तिसरी विमा कंपनीत. ती म्हणायची, गणित तेच आहे, फक्त पडण्याऐवजी मरण्याचं. चौथी त्याच कॉलेजात, त्याच फळ्यापुढे उभी राहून तेच शिकवू लागली. आणि मुंगी इथे आली, या शेडमध्ये. पाच जणींचा फोनवर एक गट होता. पहिलं वर्ष तो दिवसभर वाजायचा. आता वाढदिवसाला वाजायचा.

आई शेजारीपाजारी सांगायची, माझी मुलगी विमानाची डॉक्टर आहे. रविवारी फोनवर ती ठरलेले दोन प्रश्न विचारायची. जेवलीस का, आणि तिथे कुणी मैत्रीण झाली का. मुंगी दोन्हींना हो म्हणायची. तिच्या भाड्याच्या खोलीत एक ताट, एक पेला आणि भिंतीसमोर उघडणारी एक खिडकी होती. एकदा कुकरची शिट्टी होत असताना ती "अगं थांब, आले" असं म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यापासून तोपर्यंत, म्हणजे रविवार दुपारपर्यंत, तिने तोंड उघडलेलं नव्हतं.

ते लिखाण तिला सापडलं त्याला आता पाच आठवडे झाले होते.

पंखात आडव्या फासळ्या असतात, माणसाच्या छातीत असतात तशाच. भोकातून काठीला आरसा बांधून बघणाऱ्याला त्यांचं तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. आत सरपटणाऱ्याची नजरही पुढेच असते; पाठी तपासायचं यादीत नुकतंच आलं होतं. सातवी फासळी ओलांडून मुंगी पलीकडे गेली आणि मान वळवली, तेव्हा पाठीवरच्या फिकट हिरव्या लेपावर तिला पेन्सिलची रेघ दिसली. रेघेखाली तीन आकडे. त्याखाली बारीक, उभट अक्षरात: 'इथे डावा हात लाव.' आठवीच्या पाठीवर: 'कंबर गेली.' नवव्या फासळीवर: 'चोवीस राहिले.' आणि वीतभर अंतरावर, जरा चिडून लिहिल्यासारखं: 'चोवीस नाही, सव्वीस. मोजायला चुकले.'

'चुकले' हा शब्द मुंगीने दोनदा वाचला. म्हणजे बाई होती. कधीकाळी हा पंख जोडला जात असताना एक बाई इथे अशीच कुशीवर पडली होती, तिचीही कंबर अशीच भरून आली होती आणि ती पत्रे जोडणारे रिवेट मोजायला चुकली होती. मुंगीला हसू फुटलं. बाहेरून पंपवाल्याने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली, आणि ते खोटं होतं.

पेन्सिल आणि विमान यांचं वाकडं आहे हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. कॉलेजच्या वर्कशॉपच्या दाराशी एक पत्र्याचा डबा असे. आत जाताना खिशातल्या पेन्सिली त्यात टाकायच्या. विसरला तो दिवसभर बाहेर. पेन्सिलचं शिसं ॲल्युमिनियमला चिकटून राहिलं आणि मध्ये जराशी ओल शिरली, की शिसं तसंच राहतं आणि धातू झिजायला लागतो. तेव्हा हे लिखाण त्याच दिवशी अहवालात जायला हवं होतं. मुंगीने त्या गुरुवारी विचार केला, पुढच्या वेळी लिहू. हा पंख थोडाच उडणार आहे. पुढच्या गुरुवारी तिने तेच ठरवलं. लिहिलं की कुणीतरी पुसायला सांगणार, आणि पुसायला तिलाच आत यावं लागणार, हे तिला कळत होतं. आज करू, उद्या करू, असं म्हणता म्हणता पाच गुरुवार गेले.

सहाव्या गुरुवारी ती नवव्या फासळीपाशी पोचली आणि दिवा जवळ नेला. 'सव्वीस' मधला 'स' जिथे वळत होता तिथे लेपाला एक जुना ओरखडा होता. त्या ओरखड्यात पांढरी भुकटी आली होती, चिमूटभरही नाही. तिने बोटाने ती बाजूला केली. खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता आणि खड्ड्यापासून नखभर अंतरावर रिवेटचं भोक. तिने भिंग लावून बराच वेळ बघितलं. चीर नव्हती. पण चिरेला बसायला पाट मांडून ठेवला होता.

"हां?" पंपवाला म्हणाला.

"हां," ती म्हणाली आणि खड्ड्याची जागा टिपून घेतली.

प्रत्येक फासळी बसवणाऱ्याचा शिक्का पंखाच्या जोडणीच्या जुन्या कार्डावर असतो. त्या फासळ्यांपुढे सगळीकडे एकच होता, एक्केचाळीस. जोडणीचा कारखाना त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. जेवणाच्या सुट्टीत मुंगी तिकडे चालत गेली. वाटेत तिने बोलायची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. समोरची बाई हात जोडेल, रडेल, एवढं माझं झाकून घे म्हणेल, आणि आपण काय करू, याचं उत्तर तिला कारखान्याच्या दारापर्यंत सापडलं नाही.

एक्केचाळीस नंबरची बाई एका उलट्या खोक्यावर डबा उघडून बसली होती. साठीला टेकलेली, मुंगीपेक्षा दोन बोटंच उंच, करड्या केसांचा अंबाडा टोपीखाली दाबलेला. बाहेरून गनवाला रिवेट ठोकतो तेव्हा आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो. पंचवीस वर्षं तिने तो धरला होता, म्हणून सगळे तिला ठोकळेबाई म्हणत. डाव्या कानाने तिला आता नीटसं ऐकू येत नसे. मुंगी बोलू लागली तशी तिने उजवा कान पुढे केला.

"फासळ्यांच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलंय, मावशी. परीक्षणातल्या पंखात. सातवीपासून पुढे."

ठोकळेबाईने डब्याचं झाकण लावलं. "तू वाचलंस?"

"हो."

"सगळं?"

"सव्वीसपर्यंत."

बाईच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. ते हसू होतं की लाज, मुंगीला कळलं नाही. मग ती म्हणाली, "खाली पांढरं आलं असेल."

मुंगीने मान डोलावली.

ठोकळेबाईने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. तिने हात जोडले नाहीत, ती रडलीही नाही. तिने विचारलं, तुझ्याकडे कागद आहे का. मग किराणा सांगावा तसं तिने सांगायला सुरुवात केली. याच्यानंतरचे अकरा पंख, अकराही उडतायत. पहिल्या चारांत सातवी ते अकरावी. पाचव्यात फक्त नववी, तेव्हा हात भाजला होता. मध्येच ती थांबून डोळे मिटायची, हवेत हात लांब करून आत पडल्यासारखी मान वळवायची आणि मग नंबर सांगायची. नियम माहीत होता, असंही तिने सांगून टाकलं. आधी ती लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होती, तिथे कानावर पेन्सिल असायचीच. इकडे आल्यावर सांगितलं होतं सगळ्यांनी. पण आत कोण बघतंय, असं वाटायचं. या वयात सुद्धा तिने जीभ चावली.

यादी पूर्ण झाली तेव्हा मुंगी म्हणाली, "याचा तुम्हाला त्रास होईल, मावशी."

"होईल ना," ठोकळेबाई म्हणाली. "माझे चार महिने राहिलेत. चार महिने कसेही निघतात. त्यात सत्तर माणसं बसतात गं."

तपासप्रमुखांनी अहवाल उभ्यानेच वाचला. मग ते खाली बसले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचला. अकरा विमानांच्या यादीवर त्यांनी बोट फिरवलं. ते चांगले गृहस्थ होते. आवाज चढवायचे नाहीत, आणि म्हणूनच लोक त्यांना जास्त घाबरायचे.

"हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

आज, असं म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पंपवाल्याला माहीत नव्हतं. ठोकळेबाईने विचारलं नव्हतं. मुंगीला टेबलावरच्या काचेत स्वतःची हनुवटी दिसत होती.

"पाच आठवड्यांपूर्वी."

त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला.

"पाच आठवडे तू काय करत होतीस?"

"वाचत होते, सर."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करते आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. तसं नाही हे दिसल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खाली मान घालून तारीख लिहिली, पाच आठवड्यांपूर्वीची, आणि तिच्या सहीसाठी कागद वळवला.

मुंगीला लेखी समज मिळाली आणि वर्षअखेरीची बढती पुढे गेली. ठोकळेबाईचा शिक्का जमा झाला, हत्यारं काढून घेतली गेली. अकरा विमानं नेहमीच्या देखभालीला एकेक करून हँगरमध्ये येतील तसतसे त्यांचे पंख उघडायचे आणि सगळं पुसून, खड्डे तपासून, वर नवा लेप द्यायचा, असं ठरलं. आत मुंगीने जायचं. ही शिक्षा नाही, तपासप्रमुख म्हणाले, दुसरं कोणी मावतच नाही. आणि भोकापाशी पहाऱ्याला ठोकळेबाईने बसायचं, कारण कुठे काय लिहिलंय ते तिलाच ठाऊक.

कारखान्यातल्या लोकांना मुंगीचा राग आला. पंचवीस वर्षं राबलेल्या बाईला शेवटच्या चार महिन्यांत खुर्चीवर बसवलं, कोण कुठली कालची पोर, असं ते तिला ऐकू जाईल इतपत हळू बोलत. कँटीनमध्ये ती ताट घेऊन बसली की बाक रिकामं होई. आधीही ते भरलेलं नसायचंच, पण आता ते उठून रिकामं होत होतं, आणि या दोन्हींत फरक असतो. विमान कंपनीतल्या मैत्रिणीचा बऱ्याच महिन्यांनी निरोप आला: 'तुमची दोन विमानं आमच्याकडे आहेत. पेन्सिल? खरंच?' पुढे हसणारा चेहरा. कॉलेजात शिकवणारीने विचारलं, नाव न घेता वर्गात सांगू का, उदाहरण फार छान आहे. मुंगीने सांग म्हटलं. गट पुन्हा गप्प झाला.

पंख उघडत गेले. मुंगी एका डब्यात पुसायचं द्रावण, मऊ कापड, बारीक पॉलिशपेपर आणि लेपाची छोटी बाटली घेऊन आत शिरायची. आधी वाचायचं, मग जागा टिपून घ्यायची, मग पुसायचं. ठोकळेबाई नुसतं "हां?" म्हणत नसे. ती उजवा कान भोकाला लावून विचारी, "कुठवर आलीस?" आणि मुंगी "आठवी" किंवा "नववी" असं सांगे. मग बाहेरून सूचना येत. त्या नववीपाशी पाय दुमडून घे, तिथे एक धारदार कड आहे, मी दोन सलवारी फाडल्यात. बाहेरच्या उजेडात बसलेल्या बाईला आतला अंधार इंच न्‌ इंच पाठ होता.

दुसऱ्या पंखात होतं: 'धाकट्याला ताप.' तिसऱ्यात: 'गनवाला झोपला काय?' चौथ्यात: 'दूध उतू गेलं. बोलणी खाल्ली.' आणि चौथ्यातच, अकराव्या फासळीच्या अगदी कोपऱ्यात, मुंगीला पहिल्यांदा ते दिसलं: 'आज एकटीच.'

दोनच शब्द. खाली आकडा नाही, खूण नाही. मुंगीने त्याच्यावर दिवा धरला आणि द्रावणाचं कापड हातात तसंच राहिलं. सहाव्या पंखात ते पुन्हा होतं. आठव्यात तीन ठिकाणी. मुंगीला वाटलं, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. ते पुसताना ती कापड दाबून घासत नसे. आधी नुसतं ओलं करून ठेवी आणि अक्षरं आपोआप सुटायची वाट बघे. बाहेर येऊन ती त्याबद्दल काही बोलली नाही. दुसऱ्याच्या असल्या गोष्टीवर बोट ठेवू नये, इतकं तिला कळत होतं. पण त्या दिवसांत ती ठोकळेबाईला न विचारता तिचा चहा आणून देऊ लागली.

अकरावा पंख संपायला तीन महिने आणि वर थोडे दिवस लागले. त्या दुपारी दोघी हँगरच्या कोपऱ्यात चहा घेऊन बसल्या. समोर पंखाच्या भोकाला झाकण लावायचं काम चाललं होतं. मुंगीने कागदी पेल्याची कड नखाने सोलत आणली आणि मग विचारलंच.

"मावशी, 'आज एकटीच' असं पुष्कळ ठिकाणी होतं."

"मी लिहिलेलं?"

"आठ ठिकाणी." ती जरा थांबली. "आत फार एकटं वाटायचं का तुम्हाला?"

ठोकळेबाईने तिच्याकडे बघितलं. आधी तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं; मग ती हसायला लागली, इतकी की चहा हिंदकळून तिच्या मांडीवर सांडला.

"अगं वेडे, घरी आम्ही अकरा माणसं आणि खोल्या दोन. सासू, सासरे, दीर, जावा, त्यांची पोरं, माझी पोरं. संडासात बसलं तरी बाहेरून कुणीतरी कडी वाजवायचं. आणि इथे दिवसभर डोक्यावर ठोकाठोक. गनवाला रजेवर गेला की मला आत नुसतं लेप लावायचं काम असायचं. आवाज नाही, हाक नाही, 'अगं ऐकलंस का' नाही. चैन होती ती माझी. म्हणून लिहून ठेवायचे." तिने मांडीवरचा चहा पुसला. "तुला काय वाटलं?"

मुंगीने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बाराव्यात, माझ्या हातच्या शेवटच्या पंखात, काही लिहिलं नाहीये," ठोकळेबाई थोड्या वेळाने म्हणाली. तिचं हसू ओसरलं होतं. "तोवर सासू-सासरे गेले, दीर-जावा वेगळे झाले. मग हे गेले. पोरं परगावी नोकरीला लागली. घरी पंखापेक्षा जास्त शांत झालं. लिहिणार काय?" दूधवाला यायचा बंद झाला, असं सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. मग विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"इथे? मी."

"हं," ठोकळेबाई म्हणाली आणि उरलेला चहा संपवला.

बाराव्यात काही नाही, हे ठोकळेबाईचं सांगणं तपासप्रमुखांनी ऐकून घेतलं आणि तोही पंख उघडायला लावला. आठवणीवर विमान उडत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. ते विमान हँगरमध्ये आलं तेव्हा ठोकळेबाईच्या नोकरीचे चार दिवस उरले होते. कारखान्यात तिच्या निरोपासाठी वर्गणी गोळा होत होती. मुंगीकडे कुणी मागितली नव्हती.

मुंगीने हात वर केले, श्वास सोडला आणि आत गेली. सातव्या फासळीच्या पाठीवर काही नव्हतं. आठवीवर नव्हतं. तिने नववी ओलांडताना सवयीने पाय दुमडला, मान वळवली, दिवा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला. फिकट हिरवा लेप, आणि त्यावर रिवेटांच्या सरळ रांगा, एकही चुकलेली नाही. दहावी, अकरावी. शेवटच्या फासळीपाशी ती थांबली. द्रावणाच्या डब्याचं झाकण उघडावं लागलंच नव्हतं. तिने तो डोक्यापाशी ठेवला.

मग तिने कपाळावरचा दिवा बंद केला.

आधी काहीच दिसलं नाही. मग मागे, खूप लांब, भोकातून येणारा उजेडाचा एक कवडसा दिसू लागला. हँगरच्या मोठ्या दारातून ऊन येऊन पंखावर पडत असावं. वरचा पत्रा तापताना बारीक टिकटिकत होता. कुठेतरी कुणीतरी भोक पाडत होतं आणि तो आवाज इथे येईपर्यंत गुणगुणण्याएवढा होत होता. मुंगीने इतका वेळ आखडून धरलेले गुडघे हळूहळू सरळ केले. हात डोक्याखाली घेतला. तिथे जेमतेम तेवढीच जागा होती आणि ती तिला बरोबर पुरत होती.

"कुठवर आलीस?" बाहेरून आवाज आला.

"शेवटच्या फासळीपाशी."

"काही आहे?"

"नाही मावशी. स्वच्छ आहे."

"मग ये की बाहेर."

मुंगी तशीच पडून राहिली. "येते," ती म्हणाली. "जरा वेळाने."

मग बुटांची पावलं जवळ आली आणि झाकण लावणाऱ्या फोरमनने विचारलं, "झालं का? लावू का झाकण?"

खुर्ची करकरली.

"नाही हो, चालू आहे अजून," ठोकळेबाई म्हणाली. "आत बारीक काम आहे."